मनीषाच्या मापाचा स्वेटर

स्वेटर निवडावा तर गुरुजींनीच, असं आमच्याकडं म्हणतात. थंडी सुरू झाली की नगरजवळच्या केडगावातल्या आमच्या गल्लीत बायका मला थांबवून विचारतात, नातवाला कुठला घेऊ, बंद गळ्याचा की चेनचा. माझी सून वैशाली तर पाहुण्यांनाही सांगते, आमच्या बाबांच्या हाताला लोकर कळते. मी हसून वेळ मारून नेतो. या वयात कौतुक कुणाला नको असतं? पण हे एक कौतुक मला पंचवीस-सव्वीस वर्षांपासून नको आहे, आणि का नको आहे ते मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तेव्हाही सांगितलं नाही.

कळतं हे मात्र खरं. स्वस्तातला स्वेटर घ्यायचा असेल तर तो आधी उलटा करावा. बाहेरून सगळेच देखणे असतात. आत गाठी किती आहेत, काखेतली शिवण दुहेरी आहे की एकेरी, ते बघावं. मग मनगटाची पट्टी ताणून सोडावी. ती लगेच जागेवर आली पाहिजे. आळसावत आली, तर दोन धुण्यांत बाहीचं पोतं होणार. उजेडासमोर धरावा, विणीतून पलीकडचा माणूस ओळखू आला तर ठेवून द्यावा. तळहातानं दहा-बारा वेळा चोळावा, आणि गोळे धरायला लागला तर कितीही मऊ असला तरी नको म्हणावं. शेवटी मानेला लावून बघावा. हाताला काहीच टोचत नाही, मानेला सगळं टोचतं. लेकरासाठी घ्यायचा तर एक माप मोठाच घ्यावा, बाह्या दुमडता येतात.

एवढं सगळं मी बघितलं होतं. स्वेटर कधी घ्यावा, हे तेवढं बघितलं नव्हतं.

नगरची थंडी कोरडी. ती आधी ओठांना कळते, मग टाचांना. सकाळी उन्हात बसलं तरी पाठ तापते आणि पोट गारच राहतं. दिवाळीच्या आगेमागे पुण्याच्या रस्त्यानं ऊसतोड टोळ्यांचे ट्रक जातात. वर बोचकी, पत्र्याच्या पेट्या, एखादी शेळी, डालग्यात कोंबड्या, आणि त्या सगळ्याच्या मध्ये डोक्याला फडकी बांधलेली लेकरं. आमच्या गच्चीवरून हा रस्ता दिसतो. त्या दिवसांत मी गच्चीवर जात नाही. वैशालीला वाटतं, मला गार वारं सोसत नाही.

यंदा मार्गशीर्षात तिनंच मला घराबाहेर काढलं. माझ्या जुन्या स्वेटरचं कोपर गेलं होतं.

"बाबा, ह्या वेळी जरा चांगला घ्या. स्वस्तातला शोधत बसू नका."

"स्वस्त आणि चांगला असतो गं."

"असतो की. पण तो शोधेपर्यंत थंडी संपते."

ती सहज बोलली आणि कुकर बघायला आत गेली. मी चप्पल घालता घालता उंबऱ्यावर तसाच बसून राहिलो.

दर हिवाळ्यात नगरला डोंगराकडची माणसं येऊन स्वेटरची दुकानं मांडतात. लोखंडी पाइप, वर ताडपत्री, दोरीवर टांगलेली जाकिटं, आणि खाली फळ्यांवर ढीग. ढिगात शोधणाऱ्याला स्वस्त मिळतं, टांगलेलं बघणाऱ्याला महाग. मी ढिगाचा माणूस. ज्या दुकानात मी जातो तिथली बाई बरीच वर्षं येते. मराठी चांगलं बोलते, भाव करताना तेवढी हिंदीत शिरते.

लहान मुलांच्या ढिगापाशी एक म्हातारा उकिडवा बसला होता. पाठमोरा. पांढरी टोपी, धोतर, खांद्यावर उपरणं. तो एक-एक स्वेटर उचलून मनगटाच्या आतल्या बाजूला घासत होता.

"बाबा, हाताने बघा की," बाई म्हणाली.

"हात कोयत्यानं गेल्यात, बाई. त्यास्नी दगूड बी मऊच लागतो. ह्यो धुतल्यावर आटंल का?"

"नाही आटणार. गॅरंटी."

"तू गॅरंटी देतीस, पन आटंल तवा तू तिकडं बर्फात. म्या काय बर्फात येऊ व्हय तुला हुडकाया?"

चार-पाच गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. माझं हसणं ऐकून त्यानं मान वळवली. तो भानुदास होता.

"कोन, गुरुजी? वळाखलं का न्हाई?"

"ओळखलं," मी म्हणालो. त्या क्षणी मला फक्त तिथून जायचं होतं. पण त्यानं उठून माझं मनगट धरलं.

"बरं झालं घावलात. तुमाला ह्यातलं कळतं. ह्यो बगा बरं जरा."

त्यानं माझ्या हातात एक तांबडा स्वेटर ठेवला. आठ वर्षांच्या मुलीला होईल एवढा.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "नातीला का?"

"नात कुठली, गुरुजी. एकच पोरगी हुती. तुमच्याच शाळंत हुती की." तो सावकाश बोलत होता, जसं एखाद्या विसरभोळ्या माणसाला आठवण करून द्यावी. "दरसाली एक नेतो. तिसरीतली एकादी पोरगी बगायची, आईबापासंगं उसाच्या फडाला निगालेली, तिला द्यायचा. टोळ्या निगायच्या आदी न्ह्याया पायजे. औंदा डोळ्याच्या दवाखान्यात गुतलो, उशीर झाला. पन कुनी ना कुनी जातंच फडाकडं. त्येच्यापाशी धाडून देतो."

मी स्वेटरची घडी उलगडली.

"आन तांबडाच नेतो. म्या इकला त्यो तांबडा हुता."

आजूबाजूला भाव चालले होते. तो आवाज न चढवता, न उतरवता बोलत राहिला. "मला बाकी काय आठवत न्हाई. तवा शुदीत कुठं असायचो. पन येवढंच दिसतं बगा. म्या गुत्त्यापुढं हुबा, आन हातात तांबडा स्वेटर. रोज दिसतं. पिनं सुटलं त्येला बी आता लई वर्सं झाली, पन हे काय सुटत न्हाई."

"गयाबाई बऱ्या आहेत ना?" मी त्याच्या बायकोचं विचारलं.

"हाय. वाढती, कालवन बी झ्याक करती. बोलत न्हाई."

"कधीपासून?"

"तवापासूनच. काय सांगायचं असलं तर भिंतीकडं बगून सांगती. जेवान झालंय, पानी आलंय. भिंतीचं नशीब चांगलं."

असं म्हणून तो हसला. मी स्वेटर उलटा केला. दुसरं काय करणार होतो? गाठी बघितल्या, काखेची शिवण बघितली, मनगटाची पट्टी ताणून सोडली. उजेडासमोर धरला. मानेला लावून बघितला.

"चांगला आहे. घे," मी म्हणालो.

"काका, तुम्ही खरेदीला नका येऊ," दुकानवाली म्हणाली, "माझ्याकडे नोकरीलाच या."

मी माझ्यासाठी काही न घेता घरी आलो. मी आणलेले स्वेटर गडद हिरवे होते. पन्नासच्या पन्नास. तांबडा त्यात एकही नव्हता. आणि त्या पन्नासांपैकी एकही भानुदासच्या हातात कधी पडलेला नव्हता.

आमची शाळा पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, दोन शिक्षक. त्यातला मी मोठा, म्हणून मुख्याध्यापक. त्या वर्षी नगरच्या एका मंडळानं सगळ्या मुलांना स्वेटर द्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. गुरुजी, तुम्ही गावातले, तुम्हाला गरज कळते, असं ते म्हणाले होते.

घटस्थापनेच्या सुमाराला मी मुलांची मापं घेतली. सुतळीनं छाती मोजायची, सुतळी पट्टीवर धरायची, आकडा नावापुढं लिहायचा. मुलं गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. भानुदासची मनीषा तिसरीत होती. तिची छाती चोवीस इंच भरली. ती म्हणाली, "गुरुजी, म्या मोठी झाले मंग?" मी म्हणालो, "मोठाच आणू. बाह्या दुमडायच्या." ती जागेवर जाऊन बसली आणि फ्रॉकच्या नसलेल्या बाह्या दुमडून शेजारणीला दाखवू लागली.

मग मी स्वेटरच्या मागं लागलो. तीन रविवार मी एसटीनं नगरला गेलो. कापडबाजारातलं दुकान न् दुकान बघितलं. कुठं वीण विरळ, कुठं रंग जाणारा. एका दुकानात मला हवा तसा मिळाला. हिरवा, बंद गळ्याचा, दुहेरी पट्टीचा, हातात घेतला की मांजराच्या पिल्लासारखा ऊबदार. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, घाई असेल तर आत्ता न्या. पण दिवाळी होऊ द्याल तर लुधियानाचा नवा माल येतो. हाच स्वेटर पुष्कळ उतरून देईन."

मला मोह पडला. मंडळाचे पैसे वाचतील, वाचलेल्या पैशात पायमोजेही येतील. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी गालातल्या गालात हसत आलो होतो, हे मला लख्ख आठवतं. मुलांच्या पायांतले हिरवे मोजे मला दिसत होते.

माझा जन्म त्याच भागातला. टोळ्या कधी निघतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, की गाव अर्धं रिकामं होतं, आणि मुलं आईबापांबरोबर जातात. दर वर्षी मी स्वतःच्या हातानं हजेरीत त्यांच्या नावांपुढं रेघा मारत होतो. तरी त्या वर्षी ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी स्वेटर निवडत होतो. स्वस्त आणि चांगला.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी ट्रक शाळेसमोरच उभा राहिला. दिवाळीची सुट्टी होती, तरी मी वर्गात हजेरीची दप्तरं लिहीत बसलो होतो. मनीषा खिडकीशी आली. गज धरून वर चढली असावी, कारण तिचं फक्त तोंड दिसत होतं.

"गुरुजी, स्वेटर आलं का?"

"येणार आहेत. तू ये परत. तुझा ठेवतो मी."

"कवा येनार?"

"आता येतीलच."

खालून गयाबाईनं हाक मारली आणि ते तोंड खिडकीतून नाहीसं झालं.

स्वेटर आठ दिवसांनी आले. खरोखर चांगले होते. एकतीस वाटले, एकोणीस उरले. मी ते घडी घालून शाळेच्या कपाटात ठेवले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचून. टोळी सांगलीकडं गेली होती. एक गठ्ठा बांधून मुकादमाच्या माणसाबरोबर पाठवता आला असता. कुणी ना कुणी जातंच फडाकडं, हे भानुदासला कळतं, मला तेव्हा कळलं नाही. खरं तर कळलं होतं. उद्या बघू, असं मी रोज म्हणत होतो.

तेवढ्यात निरोप आला, मंडळाची माणसं येणार, वाटपाचं रजिस्टर बघणार, फोटो काढणार. पालकांच्या सह्या किंवा अंगठे हवेत. एकोणीस मुलं गावात नाहीत, तुमचे स्वेटर मी त्यांना देऊ शकलो नाही, असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? काहीच झालं नसतं. फार तर ते म्हणाले असते, गुरुजी, एवढं तुमच्या लक्षात आलं नाही का. तेवढं ऐकून घ्यायचं मला जड गेलं. दुपारी शाळा सुटल्यावर मी शाईचा पॅड काढला आणि एकोणीस अंगठे उठवले. दहा बोटं संपली, मग पुन्हा पहिल्यापासून. भानुदासच्या नावापुढं माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आहे. हात तीनदा धुतले. शाई दोन दिवस नखांत राहिली.

मंडळाच्या लोकांनी माझा सत्कार केला. एवढ्या पैशात असा स्वेटर आणि वर पायमोजे, असं आम्हाला जमलं नसतं, असं ते म्हणाले. स्वेटर गुरुजींनाच कळतो, हे तेव्हापासून सुरू झालं.

पौषात फडावरून बातमी आली. भानुदासची मनीषा गेली. तिकडं उसाच्या पाचटाच्या कोप्यांत राहायचं, भोवती पाणी दिलेली रानं, पहाटे माणसं फडात जाताना लेकरं पाचटात गुंडाळून ठेवलेली. छातीत कफ झाला, तीन दिवस ताप होता, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. स्वेटर असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. वाचली नसती, असंही म्हणत नाही. हा हिशोब मी इतक्या वेळा घातला आहे की आता त्याचं उत्तर मला नको आहे. बातमी आली त्या दिवशी मी कपाट उघडलं. तिसऱ्या घडीवर तिची चिठ्ठी होती. मी कपाट लावून घेतलं आणि मुलांना पाढे म्हणायला सांगितले.

टोळ्या चैत्रात परत आल्या. वैशाखात ग्रामसभा भरली, ती आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात. पुढच्या वर्षीही मंडळ स्वेटर देणार आहे, असा विषय निघाला, आणि गयाबाईचा भाऊ उठून उभा राहिला. तो आमच्याच गावात दिलेल्या थोरल्या बहिणीकडं आला होता. शाळेनं सगळ्या पोरांना आईबापांचे अंगठे घेऊन स्वेटर दिले, हे त्यानं तिथंच ऐकलं होतं.

"दाजी," तो भानुदासला म्हणाला, "पोरीला शाळंनं स्वेटर दिल्ता. मंग फडावर तिच्या अंगात का नव्हता?"

"आमाला मिळाला न्हाई," भानुदास म्हणाला.

"न्हाई कसा? अंगठा हाय तुमचा."

सरपंचांनी रजिस्टर मागितलं. मी आत जाऊन आणलं. पान उघडलं, नाव सापडलं, पुढं निळा ठसा. जाणाऱ्यांचे स्वेटर मी आधीच बापांच्या हाती दिले असणार, असं सगळ्यांनी धरलं, आणि तसं नाही म्हणायला बाकीच्या अठरा मुलांच्या घरचं कुणी सभेत नव्हतं; ती परत येताच वीटभट्ट्यांवर गेली होती. सगळी सभा भानुदासकडं बघायला लागली. तो तेव्हा रोज प्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरातली भांडी त्यानं विकलेली होती, तेही ठाऊक होतं.

सरपंच मला म्हणाले, "गुरुजी, दिल्ता का स्वेटर?"

मी म्हणालो, "रजिस्टरला अंगठा आहे."

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही. दिला, असा शब्द मी तोंडातून काढला नाही. अंगठा होता, अंगठा आहे म्हणालो. माणूस स्वतःची समजूत कशी काढतो, हे बघायचं असेल तर माझ्याकडं बघावं.

मेव्हणा त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "दाजी, खरं सांगा. प्यायला इकला ना?"

भानुदासनं रजिस्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता हा ओरडणार, अंगावर येणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "इकला असंल."

"असंल न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय."

व्हरांड्याच्या टोकाला गयाबाई बसली होती. ती उठली आणि पदर नीट करून घराकडं चालायला लागली. त्या दिवसानंतर ती नवऱ्याशी बोलली नाही. त्या दिवसानंतर तो प्यायलाही नाही.

आणि ते एकोणीस स्वेटर? पुढच्या दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, नवे आले असं सांगून मी तेच वाटले. बायांनी मला दुवा दिला. मनीषाचा एक उरला. तो कुणाला दिला, कुठं गेला, मला आठवत नाही. मी पुष्कळ आठवून बघितलं. भानुदासला कधी हातात न आलेला स्वेटर रोज दिसतो, आणि माझ्या कपाटात वर्षभर पडून असलेला स्वेटर मला आठवत नाही.

त्या दुकानातून आल्यावर पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. वैशाली म्हणाली, डॉक्टरकडं चला. मी आधी पत्र लिहिलं, फाडलं. भानुदासला वाचता येत नाही, म्हणजे पत्र दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. मग एकदा पाथर्डीच्या गाडीत बसलो, अर्ध्या वाटेत करंजीला उतरलो, चहा घेतला आणि परत फिरलो. मी स्वतःला काय काय सांगून बघितलं. त्याचं सगळं आयुष्य आता त्या चुकीवर उभं आहे. पिणं सुटलं ते त्यामुळं. दर वर्षी एका मुलीच्या अंगावर ऊब जाते ती त्यामुळं. आता जाऊन खालची वीटच काढून घ्यायची का? एका संध्याकाळी तर असंही मनात आलं, की माझ्या खोट्यानं एक माणूस सुधारला. हे मनात आलं आणि मला स्वतःची इतकी किळस आली, की दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी निघालो. करंजी आली तेव्हा पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

भानुदास अंगणात तुरीच्या काड्या बांधत होता. मी ओट्यावर बसलो आणि पाणीही न घेता सांगायला सुरुवात केली. सुतळी, तीन रविवार, दिवाळीनंतरचा भाव, कपाट, शाईचा पॅड. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मंग मला दिसतंय त्ये?"

"ते तू पाहिलेलं नाहीस. ऐकलेलं आहेस. मी आणलेले सगळे हिरवे होते, भानुदास."

"आन अंगठा?"

मी उजव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं. त्यानं माझा हात हातात घेतला, ते बोट उन्हात धरलं, आणि आपला अंगठा त्याच्या शेजारी लावून बघितला. त्याचा अंगठा दुप्पट रुंद होता. त्या सभेत एवढं करून बघायला कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. कुणाला सुचू नये म्हणून मी देवाचं नाव घेत होतो.

मला वाटलं, आता तो मला शिव्या देईल. मी त्यासाठीच गेलो होतो. पण त्यानं माझा हात सोडला आणि उठला.

"चला. तिला सांगा."

"तू सांग, भानुदास. मी तुझ्यासमोर सांगितलं ना."

"म्या सांगितलं तर ती न्हाई ऐकायची. म्या तवा व्हय म्हनलोय. तुमी सांगा." मग थांबून म्हणाला, "आन जोरात सांगा. दोन वर्सं झाली, कानानं गेलीय."

गयाबाई परसात शेंगा फोडत बसली होती. पार वाळून गेलेली. मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "बाई, मनीषाचा स्वेटर ह्यानं विकला नाही."

"आँ?"

"ह्यानं विकला नाही. मी दिलाच नव्हता."

तिनं कानामागं हात धरला. "कोन? काय म्हनताय गुरुजी?"

जी गोष्ट मी सव्वीस वर्षं स्वतःशीसुद्धा पुटपुटत बोललो, ती मला ओरडून सांगावी लागली. मी तिच्या कानाशी वाकून ओरडलो, "स्वेटर मी दिलाच नव्हता. अंगठा माझा होता. भानुदासनं काही केलं नाही." शेजारच्या घरातून एक बाई पिठाच्या हातानं बाहेर आली. कुंपणापाशी दोन माणसं थांबली. "काय झालं?" असं कुणीतरी विचारलं, आणि कुणीतरी, "गुरुजी हायेत जुनं, पोरीच्या स्वेटरचं सांगत्यात," असं उत्तर दिलं. तिला अजून पुरतं कळलेलं दिसत नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून ओरडलो. माझा घसा बसला होता.

या वेळी तिला कळलं. हातातली शेंग तिनं टोपलीत ठेवली. ती सावकाश वळली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली,

"मंग तुमी व्हय का म्हनलात?"

बायको आपल्याशी बोलली, हे भानुदासला उमगायलाच वेळ लागला असावा. तो खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "गुरुजींच्या वहीत हुतं. म्हनलं, मलाच आठवत नसंल."

तिला ते ऐकू गेलं नाही. काय म्हणतोय हा, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं. कुंपणापाशी आता सात-आठ माणसं उभी होती. मी पुन्हा तिच्या कानाशी वाकलो आणि तेही ओरडून सांगितलं.